चौसष्टावं अक्षर

लॉर्नमामा फोन उचलतो आणि गप्प राहतो. हॅलो नाही, कोण नाही, साधं खाकरणंसुद्धा नाही. सुरुवात पलीकडच्याने करायची. मग हा उत्तर देणार, विचारलं असेल तेवढंच. माझी आई ॲस्ट्रिड त्याची सख्खी धाकटी बहीण, पण तिचीही दर वेळी फसगत होते. "दादा? अरे दादा, आहेस का?" मग तीन सेकंदांनी, विहिरीतून आल्यासारखं: "आहे."

हे "आहे" मला हुबेहूब जमतं. हनुवटी छातीला टेकवायची, आवाज घशाच्या मागून काढायचा आणि शेवटी किंचित दिलगिरी मिसळायची, आपण आहोत याबद्दलची. एकदा मी जिन्यावरून तसं "आहे" म्हटलं, तर आईने खाली त्याच्यासाठी कॉफी ओतली. मामा त्या वेळी आठ किलोमीटरवर, स्वतःच्या घरासमोरचा बर्फ उपसत होता.

मामा मूळचा सस्कॅचेवानचा, पश्चिमेकडच्या गव्हाच्या मुलखातला. तेविसाव्या वर्षी तो इथे कनाटाला आला, टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत. ती बुडाली, तिच्या जागी दुसरी आली, तीही गेली. मामा मात्र त्याच रांगेतल्या घरात, त्याच खुर्चीत राहिला. नोकरीत तो जे करायचा तेच घरी फुकट करायचा: ज्या कर्नलवर, म्हणजे संगणकाच्या गाभ्यातल्या प्रणालीवर, जगातली अर्धी यंत्रं चालतात आणि जो कुणा एकाच्या मालकीचा नाही, त्यातला एक कोपरा सांभाळायचा. यूएसबीचा कोपरा. त्यातही उलट्या बाजूचा.

उलटी बाजू म्हणजे काय, हे तो कधी नीट सांगू शकला नाही. ते मीच सांगते, कारण त्याचं नाटुकलं मी आठवीत असताना बसवलं होतं. वायरीच्या एका टोकाला असतो यजमान, म्हणजे तुमचा संगणक. दुसऱ्या टोकाला पाहुणा: कॅमेरा, कीबोर्ड, जे काय असेल ते. यजमानासाठी मी अमेरिकेच्या हद्दीवरच्या अधिकाऱ्याचा आवाज लावते.

"कोण तू?"

"मी... कीबोर्ड, साहेब."

"कोणी बनवलं? वीज किती खाणार?"

"शंभर मिलिअँपिअर, साहेब. जास्त नाही."

"बरं. तुझा नंबर सात. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. बस तिकडे."

यजमानाच्या बाजूचं लिहिणारे ढिगाने आहेत. मामा पाहुण्याच्या बाजूचं लिहायचा. पाहुणा आपणहून कधीच बोलत नाही. त्याच्याकडे सांगण्यासारखं कितीही असो, यजमान विचारेपर्यंत त्याने तोंड मिटून बसायचं, असाच कायदा आहे. सत्तावीस वर्षं माणसाने हेच लिहिलं तर त्याच्या अंगात ते भिनणारच. की तो आधीपासून तसा होता म्हणून त्याला हे काम आवडलं, देव जाणे. माविसमामी हॅलिफॅक्सला निघून गेली तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात म्हणाली होती, "वाईट नाही गं तो, ॲस्ट्रिड. पण विचारल्याशिवाय काही सांगत नाही, आणि मी विचारून विचारून दमले." मी तेव्हा टेबलाखाली होते. माविसमामीचा आवाजही मला येतो, पण तो मी काढत नाही.

या मार्चमध्ये मामाच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तो दोन आठवडे आमच्याकडे राहायला आला. डॉक्टरांनी पडद्याकडे बघायला बंदी घातली होती. नेमकी तेव्हाच त्याला घाई होती, कारण तो त्या कोपऱ्याची राखणदारी सोडणार होता. सोडायची त्या लोकांची रीतही मजेशीर आहे. कर्नलमध्येच एक यादी असते, कुठला कोपरा कोण सांभाळतो त्याची. सोडणाऱ्याने आपलं नाव खोडणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा मजकूर, स्वतःच लिहून पाठवायचा. मग जगभरातले लोक "आभार, लॉर्न" म्हणून दोन दोन ओळी लिहितात आणि संपलं. जाण्याआधी जुनं सगळं निपटलं पाहिजे, असा नियम नाही. मामाला मात्र तो आहे असं वाटत होतं. बिनउत्तराच्या मेल निघाल्या दोनशे चौदा.

"मी वाचते ना," मी म्हटलं.

"नाटक न करता?" मामा म्हणाला.

"ते मात्र जमायचं नाही."

"वाच, पोपटा."

रविवार होता. आईने वाटाण्याचं सूप केलं होतं, हॅम घालून. आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी, मामा डोळ्यावर प्लास्टिकचं झाकण लावून, माझ्यासमोर लॅपटॉप. प्रत्येक मेलला मी एक आवाज द्यायचा, मामाने "हो", "नाही" किंवा "राहू दे" म्हणायचं आणि मी तेच टाइप करायचं. म्युनिकचा एक जण होता, त्याला मी शिस्तीचा हेडमास्तर केला. टेक्सासचा एक जण सगळ्यांना "मित्रांनो" म्हणायचा, त्याला घोड्यावर बसवला. आई सूप ढवळता ढवळता हसत होती. मामा हसला की त्याचे खांदे हलतात, आवाज होत नाही. खांदे हलत होते.

मग अकरा वर्षांपूर्वीची एक साखळी आली. एकाच बाईच्या तीन मेल. ओरिस्या मेलनिक, गाव डॉफिन, मॅनिटोबा.

"आदरणीय यूएसबी साहेब," मी वाचलं, आणि आवाज कुठला लावायचा ते लगेच कळलं: चर्चच्या तळघरात पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, विकणारी, नाकात बोलणारी म्हातारी मावशी. "मी ओरिस्या. मी कापणीयंत्रांच्या दुकानात वायरिंग करते. माझ्या भावाला, मायरॉनला, झटका आला आणि त्याची वाचा गेली. त्याच्यासाठी मी बटणांची एक पेटी केली आहे. बटण दाबलं की त्याने लिहून ठेवलेलं वाक्य वायरीतून संगणकात जातं आणि संगणक ते बोलतो. पेटीत आपलाच कर्नल आहे, वायरीतून बोलायला आपलाच ड्रायव्हर आहे. पण साहेब, ही पेटी काही वाक्यं गिळते!"

"गिळते!" आई फिस्सकन हसली.

"गि-ळ-ते," मी आणखी नाकात म्हटलं. "मायरॉन तीस वर्षं साप्ताहिकाच्या छापखान्यात खिळे जुळवायचा. मथळ्याची अक्षरं मोजायची त्याला सवय आहे. त्याने मोजून दाखवलं की मोकळ्या जागांसकट नेमकी चौसष्ट अक्षरं असली की वाक्य अडकतं. एकशे अठ्ठावीस असली तरी अडकतं. एक कमी किंवा एक जास्त असेल तर नाही. सोबत दोन ओळींची दुरुस्ती जोडली आहे."

"मी काय उत्तर दिलं होतं?" मामाने विचारलं.

मी हनुवटी छातीला टेकवली. "ओळींआधीच्या टॅबच्या जागा मोडल्या आहेत. मार्गदर्शिका वाचा. नाही."

खांदे हलले. आईने चमचा ठेवून डोळे पुसले. "किती रे दुष्ट तू, दादा!"

"रोज साठ यायच्या गं तेव्हा," मामा म्हणाला. "निम्म्यांच्या टॅब मोडलेल्या असायच्या."

दुसरी मेल. मावशीने मार्गदर्शिका वाचली होती, पण सगळी नाही. मेल रंगीत अक्षरांत पाठवली होती; तिथे साधीच चालतात. मामाचं उत्तर: "दोष तुमच्या पेटीत असणार. हा ड्रायव्हर वर्षानुवर्षं चालतो आहे. नाही."

तिसरी मेल दीड महिन्यानंतरची. तिला उत्तर नव्हतं. ती उघडलेलीसुद्धा नव्हती.

ही मीही नाकातच सुरू केली, पण दोन ओळींनंतर नाक आपोआप सुटलं. हसण्यासारखं काही उरलंच नव्हतं. टॅब बरोबर होते. अक्षरं साधी होती. शेवटी सहीची ओळ होती, हवी तशी. वर कारण लिहिलं होतं, चार वाक्यांत: पॅकेट काठोकाठ भरून गेलं की यजमानाला कळत नाही बोलणं संपलं की अजून आहे, म्हणून तो थांबून राहतो, म्हणून शेवटी एक रिकामं पॅकेट पाठवायला हवं, ड्रायव्हर ते पाठवत नाही.

"पुन्हा वाच," मामा म्हणाला.

मी पुन्हा वाचलं.

"आता त्या दोन ओळी. अक्षर न् अक्षर."

मी एकेक अक्षर, एकेक कंस वाचला. मामाने चांगला डोळाही मिटून घेतला होता.

हे रिकाम्या पॅकेटचं प्रकरण मला माहीत होतं, कारण ते मामाचं आवडतं व्याख्यान होतं. धान्याची मालगाडी समज, तो म्हणायचा. डब्यात चौसष्ट पोती मावतात. शेवटचा डबा अर्धा आला की फलाटावरचा माणूस समजतो, संपलं. पण शेवटचाही गच्च भरलेला असला तर? तो बिचारा उभाच राहतो. म्हणून मागून एक रिकामा डबा सोडायचा. नवशिके हमखास विसरतात, असं म्हणून तो नाक उडवायचा. कर्नलवाल्यांच्या सामायिक मेल-लिस्टवर त्याने कित्येक नवशिक्यांना यावरून झापलं होतं.

"बरोबर आहे तिचं," मामा म्हणाला.

"मग इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" आईने विचारलं.

"बाकीच्यांचं बोलणं चालूच असतं. मागचं पुढच्याला ढकलतं. एकच वाक्य बोलून गप्प बसणारा... असं कोण वापरतं!"

सूप गार झालं. मामाने तिथल्या तिथे तिला पत्र सांगितलं आणि मी टाइप केलं. पाच मिनिटांत ते परत आलं: असा पत्ता नाही.

"फोन कर," आई म्हणाली.

"नंबर नाही."

"डॉफिनमध्ये मेलनिक असतील किती? दादा, भाऊ आजारी होता तिचा. पॅच आता गेला तरी त्याला पेटी नीट मिळेल. कर फोन."

नंबर आईनेच शोधला. टेबलाच्या मधोमध फोन ठेवला, आवाज मोठा केला, कारण मामाला आकडे दिसत नव्हते. घंटा वाजली. पलीकडून कुणी तरी उचललं.

"हॅलो?"

मामा गप्प.

"हॅलो? कोण आहे? ... हॅलो!" फोन बंद झाला.

"अरे, तू केलायस फोन!" आई ओरडली. "तू बोलायचं असतं!"

"हो," मामा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "लाव परत."

दुसऱ्यांदा तो म्हणाला, "मी लॉर्न टोलेफसन. यूएसबीचा."

मग पलीकडून आवाज आला, आणि मला खुर्चीखाली जावंसं वाटलं. नाकातला नव्हता. मावशीचाही नव्हता. खोल, सावकाश, शेतावर दुरून हाक मारायची सवय असलेल्या बाईचा आवाज होता तो.

"'नाही'वाले साहेब?"

"हो. तोच."

"बोला."

आईने मामाच्या कोपराला ढोसलं, तसा तो म्हणाला, "मेलनिकबाई, तुमची तिसरी मेल मी आज वाचली. म्हणजे वाचून घेतली. तुमचं बरोबर होतं. चूक माझ्या ड्रायव्हरमध्ये होती."

"ते मला ठाऊक आहे, साहेब. मायरॉनने मोजलं होतं."

"तुम्ही पुन्हा विचारलं का नाहीत?"

"तीनदा विचारलं की."

"तिसरी माझ्या नजरेतून सुटली. आमच्याकडे उत्तर आलं नाही की दोन आठवड्यांनी आठवण द्यायची असते."

"हे कुठे लिहिलंय? मार्गदर्शिका मी दोनदा वाचली, साहेब. पाठ झाली होती."

"कुठे लिहिलेलं नाही. ते... सगळ्यांना माहीत असतं."

"कोणा सगळ्यांना?"

बाईंच्या बोलण्यात राग नव्हता, हेच वाईट होतं. "मला वाटलं, गप्प राहणं हेच उत्तर. पहिल्या दोन वेळा 'नाही' म्हणायची तसदी घेतलीत, तिसऱ्यांदा तीही नको वाटली असेल."

"पॅच मी आता लावतो," मामा घाईने म्हणाला. "आजच. मायरॉनना सांगा, पेटीसाठी नवा कर्नल मी स्वतः बनवून..."

"मायरॉन गेला, साहेब. नोव्हेंबरात चार वर्षं झाली."

आईने तोंडावर हात ठेवला. मी लॅपटॉप हळूच मिटला, का ते माहीत नाही.

मग बाईच बोलत राहिल्या. बहुधा त्यांनी ओळखलं असावं की इकडून काही येणार नाही. "तुमच्यामुळे गेला नाही हो, तसं मनात आणू नका. पेटी वापरलीच त्याने. मी म्हटलं, वाक्य छोटं कर. तर त्याने पाटीवर लिहिलं, यंत्रासाठी मी वाक्य तोडणार नाही. हट्टी! मग त्यानेच युक्ती काढली. दुसरं बटण दाबलं की अडकलेलं सुटायचं. म्हणून प्रत्येक वाक्यामागे 'धन्यवाद'चं बटण. सवयच लागली. पाद्रीबाबांना म्हणायचा, तुमचं प्रवचन लांबलं, धन्यवाद. मला म्हणायचा, तुझं सूप खारट आहे, धन्यवाद." त्या हसल्या. "सगळं डॉफिन म्हणायचं, काय सभ्य माणूस! तो आयुष्यात कधी सभ्य नव्हता."

आम्ही कुणी हसलो नाही.

"शेवटच्या हिवाळ्यात मात्र हात फार गेला. एक बटण दाबायचा, दुसऱ्यापर्यंत बोट पोचायचं नाही. मग चौसष्ट भरलेलं वाक्य आतच राहायचं. सकाळी मी कामाला जाण्याआधी पेटी पुसायची, तेव्हा कुठलं तरी बटण दाबलं जायचं आणि आदल्या दिवशीचं वाक्य बाहेर यायचं."

मामाने मान वर केली. आणि त्याने विचारलं. कामापलीकडचं काही आपणहून कुणाला विचारताना मी जन्मल्यापासून त्याला ऐकलं नव्हतं.

"काय असायचं?"

"साधंच हो. पाणी दे, उशी सरकव, अशीच लांबट वाक्यं. एकदा होतं, खिडकी नीट लागलेली नाही, मला थंडी वाजते आहे, जरा बंद करशील का. ते मी दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकलं."

भिंतीवरच्या घड्याळाकडे मी बघत होते. मामाच्या प्लास्टिकच्या झाकणाच्या आत काय चाललं होतं ते दिसत नव्हतं.

"एक विचारू, साहेब?" बाई म्हणाल्या. "त्या वेळी वाचलं असतंत, तर किती दिवसांचं काम होतं?"

मामा खोटं बोलू शकला असता. दोन महिने म्हणाला असता तर तिला काय कळणार होतं?

"वीस मिनिटांचं," तो म्हणाला.

"हं," बाई म्हणाल्या.

मग पॅचवर कुणाचं नाव घालायचं ते ठरलं. बाईंना आपलं नाव नको होतं. मामाने समजावलं की लिहिणाऱ्याची सही लागतेच, आणि ती त्यांनी तेव्हाच केलेली आहे. ती खोडायचा हक्क त्यालाही नाही. पण दोष कुणी दाखवून दिला, त्याची वेगळी ओळ असते. "तिथे मायरॉनचं नाव घाला," बाई म्हणाल्या. "स्पेलिंगमध्ये चूक करू नका. त्याला खपायचं नाही." आणि मग: "बरं, माझं झालं बोलून. ठेवते."

फोन बंद झाल्यावरही मामा त्याच्याकडे बघत बसून होता, दिसत नसलेल्या आकड्यांकडे.

पॅच त्याच दिवशी गेला. मामा सांगत गेला, मी लिहीत गेले. टॅब त्याने मला चारदा तपासायला लावले. अशा पॅचवरचा मजकूर कोरडा असतो: दोष काय, उपाय काय, बस. मामाने शेवटी दोन वाक्यं वाढवली. "ही दुरुस्ती अकरा वर्षांपूर्वी आली होती. मी उत्तर दिलं नाही." मी विचारलं, कारण लिहायचं का, रोज साठ मेल यायच्या वगैरे. तो म्हणाला, "नको." खाली मायरॉन मेलनिक हे नाव. मी ते अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचून दाखवलं. लिस्टवर दोघांनी "चांगली दुरुस्ती" म्हणून शिक्का मारला. त्या दोन वाक्यांबद्दल कुणी काही बोललं नाही.

नाव खोडण्याचा पॅच त्याने अजून पाठवलेला नाही. दोनशे चौदातल्या एकशे ऐंशी शिल्लक आहेत. आता तो "हो", "नाही", "राहू दे" म्हणत नाही; प्रत्येकाला नावाने लिहायला लावतो, वाचलं म्हणून, उशीर झाला म्हणून. निम्म्याहून अधिक परत येतात. एकाने उत्तर दिलं, की त्याने ते यंत्र केव्हाच कचऱ्यात टाकलं, आणि संगणकाचं कामही सोडलं, आता तो छपरं शाकारतो. मामाने ते दोनदा वाचायला लावलं. मी वाचते, माझ्याच आवाजात. म्युनिकच्या हेडमास्तरालासुद्धा.

काल संध्याकाळी आई ओट्याशी पाठमोरी उभी राहून बटाटे सोलत होती. मामा टेबलाशी, मी त्याच्या समोर. खिडकी बोटभर उघडी होती. मार्चमध्ये आई वाफ जायला ती तशीच ठेवते. कुणी काही विचारलं नव्हतं.

"ॲस्ट्रिड," समोरून विहिरीतला आवाज आला, "तुला थंडी वाजतेय का? खिडकी लावू?"

आई गर्रकन वळली ती माझ्याकडे. "पुरे गं आता," ती म्हणाली. "दर वेळी काय त्याची नक्कल!"